बंदुकीला गंज चढलाय? घासायला बसण्याआधी हे वाचा

आर्द्रा लागल्या. भिंतींना ओल आली, देव्हाऱ्यातली काडेपेटी पेटेना, कपाटातल्या कपड्यांना वास यायला लागला. अशा हवेत घरातल्या लोखंडाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. कोयती, पारळ, कुदळ आपण रोज हातात घेतो, त्यामुळे त्यांचा गंज दिसतो. पण आपल्या सिंधुदुर्गातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात आणखी एक लोखंडी वस्तू असते, जी महिनोन्महिने कुणी हातात घेत नाही. ती म्हणजे शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक. कुणाकडे आजोबांच्या वेळची ठासणीची, कुणाकडे एकनळी किंवा दुनळी बारा बोरची.

गणपतीनंतर भात पोटरीला आलं, रानडुकरं उतरायला लागली की ती खाली काढली जाते. तेव्हा नळीवर लाल पापुद्रा दिसतो. मग कुणी पॉलिश पेपर घेतो, कुणी चिंच लावतो, कुणी थेट वेल्डिंगवाल्याकडे नेतो. गंजाने बंदूक हळूहळू खराब होते. चुकीच्या घासण्याने ती एका दुपारी खराब होते. शिवाय कायद्याची भानगड मागे लागते ती वेगळीच. ही भानगड माझ्यावर येता येता राहिली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझ्या बंदुकीचं काय झालं

आमची एकनळी ठासणीची बंदूक आजोबांची. पुढे बाबांच्या नावावर आणि त्यांच्यानंतर रीतसर अर्ज करून माझ्या नावावर झाली. 2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा ती पोलीस ठाण्यात जमा केली. जूनमध्ये आचारसंहिता संपली. मी बंदूक आणायला गेलो त्या दिवशी पाऊस धो धो. बंदूक गोणपाटात गुंडाळली, मोटरसायकलला आडवी बांधली आणि घरी आणून तशीच कोपऱ्यात ठेवली. लावणीचे दिवस, कुणाला वेळ आहे? वीस-पंचवीस दिवसांनी गोणपाट सोडलं तर नळी हळदीकुंकवात लोळल्यासारखी लाल-पिवळी झालेली.

दोष कुणाला द्यायचा? जमा करताना मी तेल लावलं नव्हतं. आणल्यावर ओलं गोणपाट काढलं नव्हतं. दोष माझाच.

मी ती घेऊन ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे निघालो होतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाच मिनिटांत चकाचक करून देतो म्हणाला होता. वाटेत आधी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवावी म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, नळीच्या मागच्या बाजूला अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो बघ नंबर. घासलंस तर नंबर जातलो. नंबर गेलो तर बंदूक गेली समज."

गंजाखाली नंबर जेमतेम दिसत होता. ग्राइंडरखाली तो दहा सेकंदसुद्धा टिकला नसता.

नंबर एवढा महत्त्वाचा का?

बंदुकीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळला तरच ती बंदूक तुमची. परवान्याचं नूतनीकरण, निवडणुकीत जमा करणं, परत घेणं, वारसाच्या नावावर करणं, सगळीकडे पहिल्यांदा नंबर बघतात.

शस्त्र कायदा 1959 च्या कलम 8 प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं याला मनाई आहे. आणि याच कलमात पुढे असंही आहे की नंबर खोडलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच तो खोडला असं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर. "साहेब, गंज काढताना गेला" हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. खरं असलं तरी पटवणं सोपं नाही.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. आपल्याला गंज थांबवायचा आहे, बंदूक चमकवायची नाही. कोयती घासून घासून झिजली तर बाजारातून दुसरी आणता येते. बंदुकीच्या नळीचं लोखंड एकदा गेलं की परत येत नाही.

गंज धरतो तरी कसा?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज. यातलं काहीही एक काढून टाकलं तर गंज थांबतो. हवा काही आपण काढू शकत नाही. म्हणून पाणी लोखंडापर्यंत पोहोचू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं. तेलाचा पातळ थर नेमकं हेच काम करतो.

पाणी म्हणजे पावसाचं पाणीच असं नाही. हवेतला दमटपणा साधारण 60 टक्क्यांच्या वर गेला की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजाचा वेग वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात दमटपणा याच्या कितीतरी वर असतो. त्यात मीठ मिसळलं की काम आणखी जोरात. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हे मीठ खाऱ्या वाऱ्याबरोबर येतं. घाटाखालच्या गावात ते आपल्या हाताच्या घामातून येतं. नळीवर पाच बोटांचे ठसे गंजाने उमटलेले तुम्ही पाहिले असतील. ते घामातल्या मिठाचं काम.

आणखी एक. गंज सच्छिद्र असतो, स्पंजासारखा. एकदा धरला की तोच ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात जातो. म्हणून "नंतर बघू" चालत नाही.

सगळं काढायचं नसतं: आधी ओळखा

भर उजेडात बंदूक नीट बघा. तीन-चार प्रकार दिसतील.

*लाल-नारिंगी भुकटी:* बोट फिरवलं तर बोटाला लागते. हा ताजा, वरवरचा गंज. घरी निघतो.

*खपली धरलेला गंज:* जखमेवरच्या खपलीसारखा जाड, उंचवटा आलेला. तेलात मुरवून, सावकाश निघतो.

*खड्डे:* गंज निघाल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे किंवा मोठे खड्डे दिसतात. लोखंड खाल्लं गेलंय. हे खड्डे घासून "भरत" नाहीत. खड्डा जाईपर्यंत घासायचं म्हणजे आजूबाजूची सगळी नळी पातळ करायची. खड्डे राहू द्यायचे, त्यातला गंज तेवढा काढायचा.

*एकसारखा गडद तपकिरी किंवा काळा-निळा रंग:* हा खराब गंज नाही. जुन्या नळ्यांना कारखान्यात मुद्दाम असा रंग चढवलेला असतो. तोसुद्धा लोखंडाचाच एक घट्ट थर असतो आणि तो नळीचं थोडंफार रक्षण करतो. याला हात लावायचा नाही. काही फार जुन्या नळ्यांवर पिळाची, लाटांसारखी नक्षी दिसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून त्या केलेल्या असतात. ती नक्षी म्हणजे डाग नव्हे.

सगळ्यात आधी: बंदूक भरलेली नाही ना?

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. बाबांचं एक वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, "आधी गज घाल, मगे फडको घे."

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तळाशी ठासलेले असतात. बाहेरून काही कळत नाही. आजोबांनी डुकरासाठी भरून ठेवली, बार काढायची वेळ आली नाही, बंदूक भिंतीवर गेली आणि सगळे विसरले, असं होऊ शकतं. दारू जुनी झाली म्हणजे मेली असं समजू नका. कोरडी राहिली तर ती कितीही वर्षांनी पेटू शकते.

तपासायचं असं:

1. पोरांना, माणसांना बाजूला करा. चूल, दिवा, बिडी, उदबत्ती काही जवळ नको. नळीचं तोंड कुणाकडेही नको, स्वतःकडेही नको.

2. घोड्याखालच्या बारीक बोंडीवर केप बसलेली आहे का बघा. असेल तर पहिल्यांदा ती काढा. केप काढल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही.

3. गज नळीत हळूच तळापर्यंत सोडा. ठोकायचा नाही. डोकं आणि तोंड नळीच्या रेषेत आणू नका. नळीच्या तोंडाशी गजावर पेनाने खूण करा.

4. गज बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरा, खूण नळीच्या तोंडाशी. गजाचं दुसरं टोक बोंडीच्या आसपास आलं पाहिजे. ते दोन-चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे. बार असेल, अडकलेलं कापड असेल किंवा भिंगुरटीने केलेलं मातीचं घर असेल.

आत काही आहे अशी शंका आली तर तिथेच थांबा. उकरायचं नाही, तापवायचं नाही, बार काढून मोकळी करू असं तर अजिबात नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला फोन करा, त्याच्याकडून ती रिकामी करून घ्या.

बारा बोरची असेल तर नळी उघडा, काडतूस काढा, डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या, मगच साफसफाईला बसा.

फोटो काढा, पण स्टेटसला नको

साफ करण्याआधी बंदुकीवरचा नंबर, कारखान्याचं नाव, इतर खुणा यांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. शेजारी परवाना ठेवून एक फोटो घ्या. नंबर गंजाखाली झाकला असेल तर तसाच फोटो घ्या. पुढे कुणी विचारलं तर तुमच्याकडे आधीची अवस्था दाखवायला काहीतरी राहील. हे फोटो आपल्याजवळ ठेवायचे. आपल्या घरात बंदूक आहे हे जगाला सांगायची गरज नाही.

काय काय लागेल

- जुनं, मऊ सुती कापड. धोतराचं किंवा लुगड्याचं सगळ्यात चांगलं.
- शिलाई मशीनचं पातळ तेल.
- थोडं रॉकेल मिळालं तर. नाही मिळालं तर नुसत्या तेलावरही काम होतं, वेळ जास्त लागतो.
- सगळ्यात बारीक स्टील वूल, 0000 नंबरची. भांडी घासायची तारेची घासणी म्हणजे ही नव्हे. ती जाडी असते, ओरखडे पाडते.
- दातांचा जुना ब्रश, आणि मिळाला तर पितळी तारांचा छोटा ब्रश.
- घरात असेल तर जुना भोकाचा पैसा किंवा तांब्याचं जुनं नाणं. हे कशाला ते पुढे सांगतो.

गंज काढायची रीत

*पहिला दिवस: नुसतं भिजवायचं.* कोरड्या कापडाने धूळ आणि सुटी भुकटी पुसून घ्या. गंजलेल्या जागी भरपूर तेल लावा. जाड खपली असेल तर तेलात थोडं रॉकेल मिसळून त्याची पट्टी त्या जागेवर ठेवा आणि रात्रभर राहू द्या. तेल गंजात मुरतं आणि त्याची लोखंडावरची पकड सुटते. अर्धं काम हे भिजवणंच करतं. घाई करणारा माणूस इथेच चुकतो. हे काम उघड्या पडवीत करा, आगीपासून लांब. लाकडी दस्त्याला रॉकेल लागू देऊ नका.

*दुसरा दिवस: हलक्या हाताने.* स्टील वूलचा छोटा बोळा तेलात बुडवा आणि नळीच्या लांबीच्या दिशेने हळू फिरवा. कोरडं घासायचं नाही, कायम तेल हवं. तपकिरी चिखलासारखं तेल निघेल, ते पुसायचं, नवं तेल घ्यायचं. दहा वेळा हलकं घासणं एकदा जोर लावण्यापेक्षा चांगलं. काळा-निळा रंग फिका व्हायला लागला असं दिसलं की थांबा.

*खपलीसाठी भोकाचा पैसा.* ही युक्ती मला मिस्त्रींनी शिकवली. 1943 ते 1947 च्या काळातला भोकाचा पैसा ब्राँझचा असतो. तांबं, ब्राँझ, पितळ हे बंदुकीच्या पोलादापेक्षा मऊ. त्यामुळे नाण्याच्या कडेने, तेल लावून, खपली खरवडली तर खपली निघते आणि नळीला ओरखडा पडत नाही. आजचं रुपयाचं नाणं स्टीलचं आहे, ते वापरायचं नाही. चाकू, पटाशी, स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच नाही.

*नंबराच्या जागी.* इथे स्टील वूलसुद्धा नको. तेल लावून दोन-तीन दिवस मुरू द्या. दातांच्या ब्रशने हलकेच फिरवा, पुसा, परत तेल लावा. अक्षरं वाचता आली की बस. अक्षरांच्या खोबणीत थोडा गंज राहिला तरी चालेल. तेल लावलेला असला की तो पुढे सरकत नाही.

*नळीच्या आत.* गजाला कापड असं घट्ट बसवा की ते आत सुटणार नाही. तेलाचं कापड आतबाहेर फिरवा, ते काळं-तांबडं होईल, नवं घ्या. कापड बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत करा. शेवटी एक कोरडं आणि मग एक हलकं तेलाचं. कापड आत अडकलं तर ओढाताण नको, आणि बार काढून ते उडवायचा विचार मनातही आणू नका. बंद नळीत बार झाला तर नळी फुटते. बारा बोरचं काम सोपं. नळी मागच्या बाजूने साफ करायची आणि उजेडाकडे धरून आत बघायचं.

*शेवट.* सगळं कोरड्या कापडाने पुसा. एक दिवस ठेवून परत बघा, कुठे लाली आली का. आली तर तेवढ्याच जागेला परत तेल.

माझ्या बंदुकीला हे करायला आठ दिवस लागले, रोज संध्याकाळी अर्धा तास. नळीवर खड्डे राहिलेत, रंगही एकसारखा नाही. पण नंबर स्पष्ट वाचता येतो.

हे करू नका

*चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक:* मोबाइलवर असे व्हिडिओ खूप दिसतात. आंबट पदार्थ गंज काढतात हे खरं. पण त्याबरोबर नळीवरचा काळा-निळा थरही खातात. खड्ड्यांत आंबटपणा राहिला तर चार दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त गंज. तांब्याच्या कळशीला चिंच ठीक, बंदुकीला नाही.

*पॉलिश पेपर, ग्राइंडर, ड्रिलला लावलेला ब्रश:* कारण वर सांगितलं आहे.

*चुलीवर किंवा गॅसच्या बत्तीने तापवणं:* पोलादाचा कस बिघडू शकतो. दुनळीच्या दोन नळ्या झाळ देऊन जोडलेल्या असतात, ती झाळ सुटते.

*जळकं ऑइल:* गाडीतून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज आणि आम्ल उतरलेलं असतं. गंजावर उपाय म्हणून तेच लावणं बरोबर नाही.

*खायचं तेल:* करडई, सूर्यफूल अशी तेलं काही दिवसांनी चिकट होऊन वाळतात. घोडा, चाप जड चालायला लागतात. खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढे खवट होतं.

*खोलून बघणं:* घोडा, चाप, आतल्या कमानी उघडायच्या नाहीत. स्वतःची बंदूक पुसणं, तेल लावणं वेगळं. दुरुस्तीचं काम मात्र परवाना असलेल्यानेच करायचं असतं.

बार काढल्यानंतर: आधी पाणी, मग तेल

ठासणीच्या बंदुकीवाल्यांनी हे नीट वाचा. काळ्या दारूचा बार झाला की नळीत काजळी राहते. तिच्यात क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. दमट हवेत एका रात्रीत आत गंज धरतो. पुष्कळ जण नुसतं तेल मारतात. पण क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तेल लावलं तर ते तेलाखाली तसेच राहतात.

म्हणून बार काढला त्याच दिवशी, बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, गरम पाण्याच्या ओल्या कापडाने नळी आतून पुसा. काजळी निघेपर्यंत तीन-चार कापडं बदला. बोंडीच्या आजूबाजूलाही ओलं कापड फिरवा, केपेचे क्षारही तिथे बसतात. पाणी गरम घेतलं की नळी तापते आणि ओल लवकर उडते. मग कोरडी कापडं, आणि पूर्ण वाळल्यावर तेल. पुढच्या वेळी भरण्याआधी आतलं तेल कोरड्या कापडाने काढून घ्यायचं.

पावसाळ्यात ठेवायची कशी

गंज काढणं हे वर्षातून एकदाचं काम नाही. तो धरू नये हे बघणं सोपं आहे.

- जून ते ऑक्टोबर, दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तेलाच्या कापडाने पुसा. किनाऱ्याच्या गावात दर आठवड्याला. तेल ओघळेल एवढं नको, नुसता ओलसर हात फिरल्यासारखा थर पुरे.
- हात लावला की पुसून ठेवा. पाहुण्याने "बघू" म्हणून हातात घेतली तरी पुसा.
- चामड्याच्या किंवा कापडाच्या पिशवीत कायमची ठेवू नका, त्या ओल धरतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतली ओल आतच राहते. गोणपाटाचं तर मी सांगितलंच.
- मातीच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून नको. कोरड्या लाकडी कपाटात, कुलूप लावून ठेवा. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवता येतात. औषधांच्या, बुटांच्या खोक्यात येतात तशा, पण मोठ्या मिळतात. अधूनमधून त्या वाळवून घ्याव्या लागतात.
- चुलीच्या वर टांगायची जुनी पद्धत सोडा. ऊब मिळते हे खरं, पण काजळी बसते, दस्ता तडकतो, आणि बार आत राहिलेला असला तर ते वेगळंच संकट.
- ठेवताना नळीचं तोंड खाली ठेवलं तर तेल ओघळून दस्त्यात मुरत नाही. तेल मुरून मुरून दस्त्याचं लाकूड मऊ पडतं.
- दस्ता कोरडा पडला असेल तर वर्षातून एकदा जवसाचं तेल दोन-चार थेंब हाताने चोळा. जवसाच्या तेलाचं कापड चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा.

निवडणुकीत जमा करताना

निवडणुकीच्या काळात कुणाची शस्त्रं जमा करायची हे जिल्हास्तरावरची छाननी समिती ठरवते. तशी नोटीस आली की जमा करावी लागते. 2024 मध्ये आपल्याकडे दोनदा हा प्रसंग आला. मार्चमध्ये लोकसभेला, आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा. दुसऱ्या वेळी भात शेतात पिकलेलं होतं. राखण फटाके आणि डबे वाजवून केली.

जमा करायच्या आदल्या दिवशी बंदूक पूर्ण साफ करून आतून-बाहेरून नेहमीपेक्षा थोडा जाड तेलाचा थर द्या. नाव आणि परवाना नंबर लिहिलेली चिठ्ठी चापाच्या कडीला बांधा. बंदुकीचा नंबर आणि अवस्था लिहिलेली पोच घ्या आणि जपून ठेवा. परत घेताना तिथल्या तिथे नंबर जुळवा, नळी बघा. कोरड्या कापडात आणा, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी, लावणी असली तरी, पुसून तेल लावा. मी ऑक्टोबरला असं केलं. बंदूक जशी दिली तशी परत आली.

गंज फार आत गेला असेल तर

नळीच्या आत खोल खड्डे असतील, नळी कुठे फुगलेली वाटत असेल, बोंडी हलत असेल किंवा घोडा घसरत असेल तर घरी काही करू नका आणि बारही काढू नका. आतून खाल्लेली नळी बाहेरून ठणठणीत दिसते आणि बार झाल्यावर हातात फुटते. डावा हात नेमका तिथेच असतो. परवानाधारक दुरुस्तीवाला बघून सांगेल ती वापरण्याजोगी आहे की नाही. जुन्या पिळाच्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्यात आजची काडतुसं घालण्याआधी तर विचारलंच पाहिजे.

घरचा माणूस गेल्यावर

परवाना हा माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक वारला की बंदूक वाटणीच्या भांड्यांसारखी आपोआप मुलाकडे येत नाही. विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची, पोच घ्यायची आणि वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. "बाबांची आठवण" म्हणून माळ्यावर ठेवलेली बंदूक कायद्याने विनापरवाना ठरू शकते. आणि माळ्यावर ती गंजतेही सगळ्यात जास्त.

ज्यांचा परवाना चालू आहे त्यांनी तारीख बघून ठेवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. पाच वर्षं म्हणजे विसरायला भरपूर वेळ. मुदत संपायच्या आधीच अर्ज करा. आणि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यप्राण्याला मारण्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते, ती नसेल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा होतो.

थोडक्यात

बंदूक रिकामी आहे का ते आधी बघा. नंबराचा फोटो काढा. तेलात भिजवा, हलक्या हाताने पुसा, नंबराला ब्रशशिवाय काही लावू नका. आंबट, ग्राइंडर, आग नको. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवा.

आज पाऊस जरा उघडला असेल तर चहा झाल्यावर कपाट उघडा आणि बघा. आधी गज, मग फडका.